‘हुशार आहे, पण लक्ष देत नाहीं’

गेल्या मार्गशीर्षांत श्रीसिद्धनाथाच्या रथाच्या निमित्तानें म्हसवडास आलेल्या एका विद्वान् स्नेह्यांशीं आमचा वाद झाला, तो अपुराच राहिला. रथाच्या गर्दींत वाद पुरा होणें शक्य नव्हतें, आणि दुसऱ्या दिवशीं पहाटेच्या एस. टी.नें ते पुण्यास परतले. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: "अवधानन्यूनता, जिला तुम्ही ए. डी. एच. डी. म्हणतां ती, आणि तरुण मुलींचें हें नैराश्य, हीं भरल्या पोटीं सुचलेलीं दुखणीं आहेत. पुण्यामुंबईच्या मुलींना तीं परवडतात. तुमच्या माणदेशांत हंडाभर पाण्यासाठीं बायामाणसांना उन्हांत उभें राहावें लागतें. तेथें लक्ष नसण्याची चैन करावयास कोणाला सवड आहे?" हें मत त्यांच्या एकट्याचें असतें तर आम्हीं तें सोडून दिलें असतें. परंतु तें आम्हांला शिक्षकांच्या खोलींत, दवाखान्याच्या ओट्यावर, लग्नाच्या बैठकींत, आणि एके काळीं आमच्या स्वतःच्या तोंडूनही ऐकूं आलेलें आहे. म्हणून त्याचा समाचार घेणें प्राप्त आहे.

त्यांच्या हंड्यापासूनच सुरुवात करूं. लक्ष चुकण्याची किंमत सर्वत्र सारखी नसते. पुण्यांत एखादी मुलगी पाणी भरावयास विसरली, तर ती संध्याकाळीं पुन्हां नळ सोडते. येथें दुष्काळी उन्हाळ्यांत टँकर येतो तो त्याच्या वेळेला येतो. हंड्यांची रांग आधीं लावून ठेवावी लागते, आणि जिनें ती लावली नाहीं तिच्या घरीं त्या दिवशीं पाणी नसतें. मग "टँकर येऊन गेला, आन् हिचं ध्यान कुठं हुतं देव जाणं" हें वाक्य आईच्या, चुलतीच्या, शेजारणीच्या तोंडून चार दिवस फिरत राहतें. ज्या संसारांत चुकीला जागाच ठेवलेली नाहीं, त्या संसारांत विसराळूपणाला सर्वांत जबर दंड बसतो. दुखण्याला चैन म्हणणारानें एखाद्या अवर्षणाच्या सालीं मे महिन्यांत माणगंगेचें कोरडें पात्र ओलांडून आमच्या आळींत यावें. त्या दुखण्याला नांव मिळणें ही मात्र आजवर चैन ठरली आहे, हें आम्ही कबूल करतों.

नांवाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण ‘अवधानन्यूनता’ हा शब्दच फसवा आहे. ह्या माणसांपाशीं अवधान थोडें असतें असें नाहीं. त्याचा लगाम त्यांच्या हातीं राहत नाहीं. कादंबरी हातीं आली कीं जेवणाची शुद्ध न राहणारी मुलगी फीचा अर्ज भरतांना तिसऱ्या ओळीवर उठून जाते. वेळेचा अंदाज न येणें, आरंभिलेलें काम अर्ध्यावर राहणें, वस्तु हरवणें, दुसऱ्याचें वाक्य पुरें होण्यापूर्वीं बोलून जाणें, आणि लहानशा टोचणीनें दिवसभर मन कालवून जाणें, हें ह्या लोकांचें नित्याचें आयुष्य. हें सारें लहानपणापासून असतें. कांहीं लक्षणें बाराव्या वर्षापूर्वीं दिसलेलीं असावींत असें आजचें वैद्यक सांगतें. जुळ्या भावंडांच्या पाहण्यांवरून असें दिसून आलें आहे कीं, ह्या बाबतींत माणसामाणसांत जो फरक पडतो त्याचा सुमारें तीन चतुर्थांश भाग आनुवंशिक असतो. म्हणजे ज्या आईला "तुझ्याच लाडानं बिघडली" असें ऐकविलें जातें, तिनें लाड केले नसते तरी मुलगी अशीच असती.

वैद्यकांत हें वर्णन तसें जुनें आहे. १९०२ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्यें जॉर्ज स्टिल नांवाच्या बालवैद्यानें ४३ मुलांच्या निरीक्षणावर व्याख्यानें दिलीं. त्यांत मुलग्यांचा भरणा अधिक होता. १९६८ सालच्या अमेरिकन मानसवैद्यांच्या सूचिग्रंथांत ह्या विकाराला जें नांव होतें, त्यांत फक्त अतिचंचल हालचालीचा उल्लेख होता. ‘अवधान’ हा शब्द नांवांत आला तो १९८० सालीं. म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षें वैद्यांनीं जें पाहिलें व मोजलें, तें बाकावरून उड्या मारणारें पोर होतें. खिडकीबाहेर पाहत स्वस्थ बसलेली पोर त्या मापांत बसलीच नाहीं. परिणाम असा कीं बालपणीं जेथें दोन-तीन मुलग्यांमागें एक मुलगी ह्या निदानाला पोहोंचते, तेथें प्रौढ वयांत स्त्रीपुरुषांचें प्रमाण जवळजवळ बरोबरीला येतें. ह्या वाढलेल्या बायका मध्येंच कोठून आल्या? त्या वर्गांत होत्याच. (आमच्या लोकांच्या मनांत वर्गांतल्या न उमगलेल्या मुलाचें जें चित्र ठसलें, तें २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’ ह्या चित्रपटानें. तेथील दोष वाचनाचा, निराळा. परंतु तेथेंही मूल मुलगाच होतें.)

आतां एका मुलीची हकीकत सांगतों. तिची ओळख पटेल असें कांहीं त्यांत येऊं देणार नाहीं. आम्हीं येथील एका शाळेंत पुष्कळ वर्षें अध्यापन केलें, आणि ती आमच्या वर्गांत होती. खिडकीजवळ बसे, कोणाला त्रास देत नसे, प्रश्न विचारला तर कधीं सर्वांच्या आधीं अचूक उत्तर देई, कधीं दचकून "काय सर?" म्हणे, आणि वर्ग हंसे. गणिताच्या पेपराचें शेवटचें पान उलटावयाचें राहून जाई. वर्षांत तीन कंपासपेट्या हरवत. आठवीनंतर तिनें स्वतःपुरती एक युक्ति शोधून काढली: प्रत्येक गोष्ट तीन वेळां उतरवून काढावयाची आणि रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत जागावयाचें. गुण येऊं लागले. ते कशाच्या मोलानें येत होते, हें कोणी विचारलें नाहीं. दहावीला तिचा सत्कारही झाला. पेढे आम्हींही खाल्ले.

पुढें ती साताऱ्यास कॉलेजांत गेली, वसतिगृहांत राहूं लागली, आणि घराचा टेकू सुटला. आई हांक मारून उठवीत असे, शाळेची घंटा दिवसाचे तुकडे पाडून देत असे. येथें दिवस अखंड पसरलेला आणि त्याला कोठेंच कड नाहीं. निबंध राहिले, परीक्षेच्या अर्जाची तारीख हुकली, मैत्रिणींचे उसने पैसे द्यावयाचे राहून अबोला झाला. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीला आली ती परत गेलीच नाहीं. अंथरूण सोडीना, वाचीना, बोलीना, आणि बोलली तर एवढेंच, "माझ्यांतच खोट आहे." डॉक्टरांनीं नैराश्य म्हटलें. तें खरेंच होतें. गोळ्यांनीं झोंप आली, रडणें थांबलें; परंतु अर्ज तसेच राहत, चुलीवरचें दूध तसेंच उतूं जाई, आणि शिव्याही तशाच बसत. ‘गुण नाहीं’ म्हणून गोळ्या सुटल्या, औदासीन्य पुन्हां आलें. असें दोनदां झालें. तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनीं आईला सांगितलें, "हिचीं प्राथमिक शाळेपासूनचीं प्रगतिपुस्तकें असतील तर आणा." आईनें तीं ट्रंकेंत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत बांधून ठेवलीं होतीं. सात वर्षांचे सात शेरे. शब्द थोडे इकडचे तिकडे, पण वाक्य एकच: हुशार आहे, पण लक्ष देत नाहीं. त्यांतले दोन आमच्या अक्षरांत होते.

तो शेरा लिहितांना आपण मुलीची तक्रार करीत आहों असें आम्ही समजत होतों. वस्तुतः आम्ही तिच्या दुखण्याचा दाखला सही करून देत होतों, आणि तो वैद्याकडे न जातां चुलीपाशीं शिक्षेसाठीं जात होता.

आमचें म्हणणें एवढ्यावरून समजण्यासारखें आहे. ह्या मुलींचें नैराश्य हें बहुधा बाहेरून अवचित आलेलें दुसरें दुखणें नसतें. पहिल्याला ओळखलें नाहीं, पंधरा वर्षें त्याला स्वभावदोष म्हणून झोडपलें, त्याचा तो गाळ असतो. दोन्ही विकारांचीं आनुवंशिक मुळें कांहीं अंशीं सामाईक आहेत हेंही खरें. परंतु त्यामुळें घराची व शाळेची जबाबदारी कमी होत नाहीं. अमेरिकेंत बीडरमन व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत अवधानन्यूनता असलेल्या मुलींना तीव्र नैराश्याचा धोका इतर मुलींहून अडीच पट आढळला. शिवाय त्यांचें नैराश्य लवकर सुरू झालें, अधिक काळ टिकलें. बर्कलेस हिन्शॉ ह्यांनीं असा दोष असलेल्या १४० व नसलेल्या ८८ मुलींचा बालपणापासून मागोवा घेतला. २०१२ सालीं त्यांनीं दिलेले आंकडे वाचून आमचा हात कांपला. अनवधान व अतिचंचलता हीं दोन्ही लहानपणीं आढळलेल्या मुलींपैकीं २२ टक्क्यांनीं तरुण वयापर्यंत जीव देण्याचा प्रयत्न केलेला होता. तुलनेच्या मुलींत हें प्रमाण ६ टक्के होतें. जो ह्याला थेर म्हणतो त्यानें हे आंकडे पुसून दाखवावेत.

ह्या मासिकाच्या वाचकांना भाषेचें प्रेम आहे, म्हणून भाषेचाही थोडा हिशेब मांडतों. वेंधळी, गबाळी, धांदरट, भोंगळ, अजागळ, घुमी, आळशी, चालढकल करणारी: एका मुलीसाठीं मराठीनें किती विशेषणें सिद्ध ठेवलीं आहेत पाहा. तोच स्वभाव पुरुषांत आढळला तर तो छांदिष्ट, लहरी, नादिष्ट, फार झालें तर अवलिया. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९४९ सालच्या ‘माणदेशी माणसं’ पासून आमच्या ह्या मुलखाच्या तऱ्हेवाईक माणसांना साहित्यांत मानाचें पान मिळालें आहे, आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु पारावर बसून जगाचें भान विसरणाऱ्या गड्याची भाकर कोणी तरी वेळेवर थापीत असतें. त्या थापणारीनेंच भान विसरावें, अशी सोय गांवानें ठेवलेली नाहीं. लहरी पुरुषाची गोष्ट होते आणि लहरी बाईचें माहेर होतें.

माप चुकीचें असलें म्हणजे काय होतें, ह्याचें एक उदाहरण आमच्या गांवाबाहेर शोधावयास नको. येथील बायांनीं स्वतःची बँक काढण्यासाठीं रिझर्व्ह बँकेकडे पहिला अर्ज केला तो नामंजूर झाला, कारण सभासदांपैकीं पुष्कळ जणींना लिहितां-वाचतां येत नव्हतें. चेतना सिन्हा ह्यांनीं ही हकीकत जाहीरपणें सांगितली आहे. बाया अक्षरें शिकल्या, पुन्हां गेल्या, आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या कीं आम्हांला व्याजाचा हिशेब तोंडीं घाला आणि तुमच्या माणसांना यंत्रावर करूं द्या. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. व्याज त्या पहिल्या अर्जाच्या वेळींही बिनचूकच काढीत होत्या. ज्या गांवानें ही गोष्ट अभिमानानें देशभर सांगितली, त्याच गांवानें आपल्या मुलींना मात्र वहीच्या टापटिपीवरून व भांड्यांच्या मांडणीवरून मोजीत राहावें, हें आम्हांला समजत नाहीं.

स्नेह्यांचा दुसरा मुद्दा असा कीं, आमच्या आज्यांना असलें कांहीं नव्हतें. नव्हतें कीं दिसलें नाहीं? आजीचा दिवस तिनें स्वतः आंखलेला नसे. पहाटेचें जातें, धारा, विहीर, भाकरी, रान. एक काम दुसऱ्याला हांक मारी, आणि चार जावा एकमेकींच्या विसरण्यावर पांघरूण घालीत. आजच्या मुलीच्या दिवसाला असें कोणी बांधून देत नाहीं. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, परीक्षेची फी, बसचा पास, सहा महिन्यांनीं येणारी परीक्षा, प्रत्येकाची तारीख तिनेंच स्मरावयाची. जें सामर्थ्य ह्या दोषांत लंगडें असतें, नेमकें तेंच नव्या आयुष्यानें पहिल्या पायरीवर मागितलें. आणि आजीच्या काळीं ज्या मुक्या सुना माहेरीं परत धाडल्या गेल्या, त्यांचा इतिहास कोणीं लिहून ठेवला आहे, तेंही स्नेह्यांनीं सांगावें.

लग्नाच्या औषधाबद्दल तर बोलावें तितकें थोडें. "संसाराला लागली म्हणजे ताळ्यावर येईल" हें वाक्य आम्हीं इतक्यांदा ऐकलें आहे कीं त्याची चीड येण्याऐवजीं भीति वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकीं २१.९ टक्क्यांचें लग्न अठरा वर्षांच्या आंत झालेलें होतें. म्हणजे पांचांत एकीहून अधिक. जिला स्वतःचा दिवस सांवरत नाहीं, तिच्या हातीं सहा माणसांचा दिवस सोंपवावयाचा, आणि ती मोडली म्हणजे सासरच्यांनीं म्हणावयाचें कीं आमची फसवणूक झाली! २०२१ सालीं देशांत ४५,०२६ स्त्रियांनीं आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतल्या २३,१७८ गृहिणी होत्या. त्यांपैकीं किती जणींना हा दोष होता असा प्रश्न कोणीं विचारलेला नाहीं, आणि आम्हीही त्यावरून कांहीं सिद्ध करूं पाहत नाहीं. पण संसाराला लागल्यानें माणूस ताळ्यावर येतें हें मत त्या आंकड्यासमोर उभें राहूं शकत नाहीं.

एका आक्षेपांत मात्र तथ्य आहे, आणि तें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. मोबाईलवर दोन मिनिटांची प्रश्नावली सोडवून स्वतःला हें नांव लावून घेणारींची संख्या वाढते आहे. प्रत्येक विसराळू मुलगी ह्या सदरांत येत नाहीं. ह्याच पाहणीनें महाराष्ट्रांतील निम्म्याहून अधिक बायांना रक्तक्षय असल्याचें दाखविलें आहे, आणि रक्त कमी असलें म्हणजेही डोकें चालत नाहीं, थायरॉइडचें तेंच. शिवाय नैराश्य स्वतःच लक्ष खाऊन टाकतें. भेद करावयाचा तो काळावरून व रुचीवरून. नैराश्य येतें त्याला आरंभ असतो, आणि त्यांत आवडती गोष्टही बेचव होते. अवधानाचा दोष जिला आहे तिला तो नैराश्यापूर्वींही होताच, आणि बऱ्या दिवसांत आवडत्या कामांत ती तहानभूक विसरते. हा भेद दहा मिनिटांत होत नाहीं. पण "हें उदासपण येण्यापूर्वीं, तिसरी-चौथींत, ही कशी होती?" हा एक प्रश्न विचारावयास दहा मिनिटेंही लागत नाहींत, आणि तो विचारला जात नाहीं, ही आमची वैद्यांविरुद्ध तक्रार आहे. इंग्लंडांतील नाइस ह्या संस्थेनें २०१८ सालच्या मार्गदर्शनांत स्पष्ट लिहिलें कीं मुली व स्त्रिया ह्यांच्यांत हा दोष कमी ओळखला जातो आणि त्यांच्यावर भलत्याच निदानाचा शिक्का बसण्याचा संभव अधिक असतो. आमच्याकडे त्या वाक्याचा मराठी तर्जुमा प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावावयास काय हरकत आहे?

"नांव मिळालें कीं सबब मिळते" असेंही म्हणतात. आम्हांला तर उलट अनुभव आला. सबब त्या मुलीपाशीं आधींही एक होतीच: मी नालायक आहें. ती सबब घेऊन ती दोन वर्षें अंथरुणावर पडून राहिली. निदानानंतर तिला औषधांखेरीज जें मिळालें तें क्षुल्लक दिसतें: भिंतीवर मोठें कॅलेंडर, कामाचे लहान तुकडे, मोबाईलचे पांच गजर, आणि "आत्तां उठ" असें न रागावतां सांगणारी एक मावसबहीण. चष्म्यावांचून फळा न दिसणाऱ्या मुलाला आम्ही पुढच्या बाकावर बसवितों. तेव्हां कोणी म्हणत नाहीं कीं त्याला आळशी होण्याची मुभा दिली.

अर्थात् हें तिला मिळालें तें तिच्या बापाकडे तिसऱ्या डॉक्टरपर्यंत जाण्याइतका पैसा होता म्हणून. येथून जिल्ह्याचें ठिकाण ऐंशी-नव्वद किलोमीटर; एका खेपेला बापाचा रोज बुडतो आणि आईचाही. मिथिलफेनिडेट हें ह्या विकारावरचें प्रमुख औषध १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याच्या यादींत असल्यामुळें साध्या दुकानांत सहज हातीं लागत नाहीं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत २१ प्रकार आहेत. वाचनलेखनाचा दोष त्यांत आहे, हा दोष स्वतंत्रपणें नाहीं. २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा फुकट मिळते, मराठींतही मिळते. जिचें मन काळोखांत गेलें आहे तिनें किंवा तिच्या माणसांनीं तो क्रमांक जरूर फिरवावा. परंतु टेलिफोनवरचा माणूस प्रगतिपुस्तक पाहूं शकत नाहीं. तें शाळेनें पाहावयाचें आहे. तालुक्यांतल्या शाळांत शिक्षकांना जीं प्रशिक्षणें वर्षभर चालतात, त्यांतला एक दिवस ह्या शांत बसणाऱ्या मुलींसाठीं द्यावा, आणि ‘लक्ष देत नाहीं’ हा शेरा दोन वर्षें लागोपाठ आला तर तो आरोग्य तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांपुढें ठेवावा, एवढी आमची मागणी आहे. तिला खर्च शून्य आहे.

त्या मुलीची धाकटी चुलतबहीण यंदा चौथींत आहे. परवां तिचें पहिल्या सत्राचें प्रगतिपुस्तक तिच्या आईनें आम्हांला दाखविलें, आणि शेरा वाचण्यापूर्वींच आम्हांला तो पाठ होता. आम्हीं तें त्याच संध्याकाळीं वर्गशिक्षिकेकडे घेऊन गेलों. बाई भल्या होत्या. थोड्या रागावल्या, मग बसा म्हणाल्या.